सरळ वर जाणारा धूर

४ मार्च

चि. धाकटीस,

माझ्या या दोन हातांनी मी आजवर करून ठेवलेल्या गोष्टी अशा : एकशे अडतीस काटे, त्यांतले नव्वद सराफांचे, एकेचाळीस औषधवाल्यांचे, सात प्रयोगशाळांचे. त्या सगळ्यांच्या पितळी दांड्या, अखंड पट्टीतून कापून कानशीनं घासलेल्या. दांडी ज्यावर तोलते त्या अकीकाच्या धारा, केसाच्या जाडीपर्यंत उतरवलेल्या. दोन लेथ, पैकी एक भंगारातल्या सायकलींचा. कामाच्या खोलीचं दार, आणि खिडक्यांच्या फटींत बसवलेल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या. तुझ्या ताईचं चार पायऱ्यांचं मचाण, थेट छतातल्या काचेखाली, कारण बारीक वजनं जुळवायला वरचा उजेड लागतो. त्यावरचं स्टूल, तिच्या गुडघ्याचं माप घेऊन. हे सगळं सातवी नापास माणसानं केलं आहे, कुणाच्या हाताखाली एक दिवस न घालवता.

यादी देण्याचं कारण, तू गेल्या पत्रात विचारलंस, "भाऊजी, ताईचं हे काय करून ठेवलंत तुम्ही?" काय करून ठेवलं ते वर आहे. त्यात तिचं छातीतलं दुखणं कुठं बसतं ते मला दाखव.

ती तुझ्याकडे पंधरा दिवस विश्रांतीला आली. तू तिला तुझ्या दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडलंस आणि मला लिहितेस की तिच्या शिरा माझ्या सिगारेटींनी खराब झाल्या. तिनं आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही. ओढतो मी, दिवसाला बावीस, आणि दोन मजले न थांबता चढतो. जेवलो मी आणि ढेकर तिला?

शिवाय माझी सिगारेट हा शौक नाही, हत्यार आहे, हे तुला कुणी सांगितलेलं नसणार. काट्याला वाऱ्याची झुळूक चालत नाही. अखेरच्या जुळणीला काचेची पेटी उघडावी लागते, तेव्हा कुणी दाराबाहेरून गेलं तरी पारडं हलतं. म्हणून मी सिगारेट पेटवून धुराची रेघ बघतो. हातभर सरळ वर गेली तर खोली स्थिर. वाकली तर कुठंतरी फट आहे, ती शोधायची. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही, माझी आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीचा माणूस आला होता. आराखडे द्या, मुख्य कारागीर म्हणून या, अठरा लाख देतो, म्हणाला. दांडीवर नाव मात्र त्यांचं. चहा पाजला आणि दारापर्यंत सोडून आलो.

प्रयोगशाळेच्या सहा काट्यांची मागणी एप्रिलअखेर पुरी करायची आहे. मिलिग्रॅमची वजनं तिच्याशिवाय कुणाला जुळवता येत नाहीत, मलाही नाही. तेव्हा तिला महिनाअखेर पाठव.

तुझा भाऊजी

---

११ मार्च

भाऊजींना नमस्कार.

तुमची यादी दोनदा वाचली. सुंदर आहे. आता माझी ऐका. मी डॉक्टर नाही, तुम्हाला माहीतच आहे. हृदयाच्या विभागात सोळा वर्षं सोनोग्राफीचं यंत्र धरते. माझंही काम मोजण्याचंच. म्हणून तुम्हाला मापात सांगते, रागात नाही.

दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवतात, मग सोडतात. रक्त धावत येतं आणि हाताची धमनी त्याला वाट द्यायला रुंदावते. ताईच्या वयाला ती शंभरात सात-आठ भाग तरी रुंदावायला हवी. ताईची दोन भाग रुंदावली. मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीच्या हातात यंत्र दिलं, कारण माझ्या मापावर माझाच विश्वास बसेना. तिलाही दोनच आले.

धमनीला आतून एक अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. रुंदाव, आवळ, हे तेच सांगतं. धुरानं ते मुकं होतं. मग त्याच जागी चरबी बसते आणि वाट चिंचोळी होते. ताईच्या हृदयाची एक वाट निम्म्याहून जास्त बुजली आहे. निरोगी, कधी न ओढलेल्या माणसांना अर्धा तास धुराच्या खोलीत बसवून तपासलंय लोकांनी. तेवढ्यात त्यांच्या रक्तवाहिन्या रोज ओढणाऱ्यासारख्या वागायला लागल्या. आणि जळत्या टोकातून जो धूर थेट खोलीत जातो तो तुम्ही आत ओढता त्यापेक्षा बरा नसतो, वाईट असतो. ताई त्यात तेवीस वर्षं बसली आहे.

तेव्हा ढेकराचं उत्तर असं, भाऊजी : जेवता तुम्ही, आणि खरकटं तिच्या पानात पडतं.

फटींना नमदा तुम्ही लावलात. मचाण छताला तुम्ही भिडवलंत. धूर सरळ वर जातो असंही तुम्हीच लिहिलंत. वर कोण बसतं?

ती म्हणते, "त्यांना हे लिहू नकोस, त्यांचं कामात लक्ष लागणार नाही." म्हणून आणखी एक लिहिते. दोन वर्षं तिचा जबडा दुखतोय, चढताना छाती भरून येते. तुमच्या मचाणाच्या तिसऱ्या पायरीवर थांबून ती चष्मा पुसते ना? तो चष्मा स्वच्छच असतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. धूर पूर्ण बंद, असं सांगितलंय. तिला मी इतक्यात पाठवणार नाही.

तुमची धाकटी

---

१९ मार्च

अहो,

धाकटीचं मनावर घेऊ नका. लहानपणी ती बाहुलीला इंजेक्शन द्यायची, आता मी सापडले आहे. इथं मला फुलासारखं जपतात आणि सारखं विचारतात, "बरं वाटतंय ना?" दिवसातून अकरा वेळा. मी मोजलं. तुमची सवय लागली.

गोळ्या घेते. त्यांनी बरं वाटतंय. चढावर पूर्वीसारखं होत नाही. सहा काट्यांचं माझ्या लक्षात आहे, मी येते. पन्नास मिलिग्रॅमचे दोन पत्रे मी जाण्याआधी कापून ठेवलेत, त्यांना हात लावू नका, तुमच्या बोटांना घाम असतो.

एकच मागते. खोलीत ओढू नका. मी कधी म्हटलं नाही, आता म्हणते. आणि झुळूक बघायलाच हवी असेल तर माझा तो रेशमाचा धागा आहे. वजनांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात. तुम्ही तेव्हा हसला होतात. आता हसू नका.

तिसऱ्या पायरीवर चष्मा मी खरंच पुसत असे. निदान निम्म्या वेळा.

जेवणाच्या वेळा पाळा. निळा सदरा कामाला घालू नका, तो चांगला आहे.

---

२४ मार्च

चि. धाकटीस,

हे पत्र तुम्हा दोघींना आहे, ताईला वाचून दाखव.

खोलीत मी एकही सिगारेट ओढणार नाही. माझा शब्द म्हणजे पितळेवरचा कोरीव आकडा, पुसला जात नाही. ओढायची तर बाहेर, जिन्यात. गेले तीन दिवस तसंच करतो आहे. जिन्यातल्या शिंपीणबाई विचारत होत्या, घरातून हाकललं काय म्हणून.

धाग्याचं ताईला समजावून सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. धाग्याला पीळ असतो. टांगला की तो उलगडतो आणि धागा आपणच फिरतो. वाऱ्यानं फिरला की पिळानं, हे कळायला मार्ग नाही. धागा खोटं बोलतो. काट्याच्या कामात खोटं बोलणारी वस्तू मी खोलीत ठेवत नाही.

चष्म्याचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, वर जाण्याआधी काचा पुसण्याइतकी ती नेटकी आहे. मी ते लोकांना कौतुकानं सांगत असे.

तुझा भाऊजी

---

३० मार्च

भाऊजींना नमस्कार.

ताई उद्याच्या गाडीनं निघते. माझं तिनं ऐकलं नाही. "सहा काटे होऊ दे, मग तुझ्याकडे महिनाभर लोळत पडते," म्हणाली. तुमचा शब्द आहे म्हणून मीही जास्त ताणलं नाही.

लाल डबीतल्या गोळ्या सकाळी, पांढऱ्या दोन वेळा. चपटी बाटली सतत तिच्या खिशात हवी. छातीत दुखलं तर त्यातली एक जिभेखाली, आणि लगेच दवाखाना. काम संपेपर्यंत थांबायचं नाही, तुमचंही आणि तिचंही. मचाणावर दिवसातून एकदाच. दर तासाला खिडकी उघडा.

तुमचं पत्र मी जपून ठेवलंय. कोरीव आकडा म्हणालात, आकड्यालाच धरेन.

तुमची धाकटी

---

१८ एप्रिल

चि. धाकटीस,

उशिरा लिहितो आहे, काम फार. पाच काटे पुरे झाले, सहावा जुळणीला आहे. असे काटे मी आजवर केले नाहीत. पाचव्याच्या पारड्यात पापणीचा एक केस टाकला तर काटा अडीच घरं सरकतो. ताईनं स्वतःच्याच पापणीचा दिला. "तुमच्या पापण्यांचं वजन नको, त्यात पितळ असेल," म्हणाली.

ती बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते, मी तारीख घालून तक्ता केला आहे, भिंतीवर आहे. मचाणावर दिवसातून एकदाच, तुझ्या सूचनेप्रमाणे. एकदा चढली की जेवायलाच उतरते. तिसऱ्या पायरीवर अजून थांबते, मी विचारलं तर म्हणाली, "सवय हो."

शब्दाचं म्हणशील तर खोलीत एकही सिगारेट ओढलेली नाही. अखेरच्या जुळणीला झुळूक बघण्यापुरती पेटवून राखदाणीत ठेवतो, ओठाला लावत नाही. दिवसाला तीन, फार तर चार. आपली आपण जळून जाते. ओढणं आणि पेटवणं यांत फरक आहे, तो तुला समजेल, तू मोजणारी आहेस. खिडकी मात्र दर तासाला उघडता येत नाही. जुळणी चालू असताना उघडली तर सकाळपासूनचं काम वाया जातं.

पहिली पेटवली तेव्हा ताई वरून म्हणाली, "शब्द पाळलात हं तुम्ही." आणि हसली. तिला पटलं आहे. तूही आता निर्धास्त राहा.

तुझा भाऊजी

---

२२ एप्रिल

भाऊजी,

पत्र हातात पडेल त्या क्षणी ती राखदाणी बाहेर टाका. क्षणी म्हणजे क्षणी.

तुमच्या ओठांचा प्रश्न कधीच नव्हता. जळत्या टोकाचाच धूर वाईट, हे मी अकरा मार्चला लिहिलं होतं. तुम्ही ओढत नाही म्हणजे त्यातला जो वाटा तुमच्या छातीत गेला असता तोही आता तिला मिळतोय, बंद खोलीत, छताखाली.

ती हसली म्हणजे तिला पटलं असं नाही. ती हसली म्हणजे तिनं सोडून दिलं. मी तिला पंचेचाळीस वर्षं ओळखते.

चार वेळा फोन केला, कुणी उचलत नाही. लेथनं तुमचे कान गेलेत आणि ती वर असते. मी रविवारी येतेय. तिला घेऊन जाईन. काटे तुमचे तुम्ही जुळवा.

---

२ जुलै

चि. धाकटीस,

तुझं बावीस तारखेचं पत्र पंचवीसला आलं. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दारात टपालवाल्याकडून तूच ते घेतलंस, अक्षर ओळखलंस, आणि न फोडता माझ्या हातात दिलंस. मी ते जूनमध्ये उघडलं.

तेवीस तारखेचं मी तुला तेव्हा अर्धंच सांगितलं. पुरतं लिहितो. तपशील चुकीचा राहू नये.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. सहाव्या काट्याची शेवटची जुळणी. दिवसाची दुसरी सिगारेट राखदाणीत. रेघ अगदी सरळ होती, इतकी सरळ मी आधी बघितली नव्हती. ती हलू नये म्हणून मी श्वास धरला होता. तुझी ताई मचाणावर चढत होती, तिसऱ्या पायरीवर होती. चष्मा पुसते आहे, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी वर बघितलं नाही. मी फक्त हात वर केला, थांब म्हणून. ती थांबली. आमच्यात हा हात तेवीस वर्षांचा होता. हात वर असला की हलायचं नाही, बोलायचं नाही.

काटा मधोमध आला. मी हात खाली घेतला आणि म्हणालो, "झालं." तेव्हा ती पायरीवर बसलेली होती, भिंतीला डोकं टेकून. चपटी बाटली मुठीत होती. झाकण उघडलेलं नव्हतं. त्या झाकणाला टक असा आवाज होतो.

मी किती वेळ हात वर धरला होता, हे मला सांगता येत नाही. मला वेळ नेहमी सांगता येते.

मे महिन्यात खोली धुवायला काढली. मचाणावर तिच्या स्टुलावर बसलो. उभा राहिलो तर डोकं छताला लागतं, ती माझ्यापेक्षा हातभर बुटकी, तिला कसं वाटत असेल हे मी कधी बसून बघितलं नव्हतं. वरची काच मला पिवळट आहे असंच वाटायचं, काच जुनी आहे म्हणून. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एक वीत लांब, एक वीत रुंद एवढी जागा पुसली. कापूस आधी कोरडा तोलला होता. पुसल्यावर दोन दिवस वाळू दिला आणि पुन्हा तोलला. एकसष्ट मिलिग्रॅम जास्त भरला. सहाव्या काट्यावर तोलला, तिनं कापलेल्या वजनांनी. तेव्हा चूक असण्याची शक्यता नाही.

एक वीत काचेवर एवढं. आणि काच श्वास घेत नाही.

तू मोजणारी आहेस म्हणून विचारतो. त्या शेवटच्या तेवीस दिवसांतल्या, मी ओठाला न लावलेल्या सिगारेटी साधारण पंचाहत्तर होतात. त्यांनी झालं का? त्या नसत्या तर?

भाऊजी

---

९ जुलै

भाऊजींना नमस्कार.

उत्तराला पाच वेळा बसले.

त्या पंचाहत्तरांनी झालं, असं मी म्हणणार नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. वाट आधीच बुजत आली होती, तेवीस वर्षांची. अशा माणसाला थोडा धूरही जड जातो, एवढं खरं. पण कुठल्या धुरानं, कुठल्या दिवशी, हे सांगणारा काटा कुणी केलेला नाही. तुम्हीही करायला जाऊ नका.

ती निघाली तेव्हाच मी तिला अडवायला हवं होतं. तुमच्या शब्दावर विसंबले कारण मला ते सोयीचं होतं. तिच्याशी भांडावं लागलं नाही. तेही वजन आहे, आणि ते माझं आहे.

बाटली न उघडल्याचं तुम्ही लिहिलंत, ते लिहायला नको होतं असं आधी वाटलं. आता वाटतं, बरं झालं. मला तिची शेवटची गोष्ट माहीत हवी होती. ती अशीच होती. आईला झोप लागली असेल तर शिंकसुद्धा दाबून धरायची.

मी तुम्हाला माफ केलंय असं लिहिणार नाही. अजून केलेलं नाही. करेन की नाही माहीत नाही. पण पत्रं लिहा. तिच्याबद्दल इतक्या बारकाईनं बोलणारं दुसरं कुणी मला उरलेलं नाही.

एक मागते. तिच्या वस्तूंतलं मला काही नको, फक्त तो रेशमाचा धागा पाठवा.

धाकटी

---

१५ जुलै

चि. धाकटीस,

धागा शोधला. वजनांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, तिनं सांगितलं होतं तिथंच. बारीक रीळ आहे, पांढऱ्या रेशमाचं, वहीच्या कागदात गुंडाळलेलं. कागदाच्या आतल्या बाजूला तिचं अक्षर आहे. तारीख बारा वर्षांपूर्वीची.

लिहिलं आहे : "टांगल्यावर पाव तास थांबावं, तेवढ्यात पीळ उतरतो. मग खरं सांगतो. खिडकी किलकिली केली तर लगेच कळतं. आठ वेळा बघितलं. ते बाजारात गेले असताना."

म्हणजे माझी जी हरकत, तिचं उत्तर तिनं आधीच काढून ठेवलं होतं. मी हसलो तेव्हा तिनं कागद दाखवला नाही. आठ वेळा बघितलेली गोष्ट माझ्या एका हसण्यापुढे तिनं मागं घेतली आणि कप्पा लावला.

काल हातभर धागा कापून खिळ्याला टांगला. घड्याळ लावून बसलो. आधी डावीकडे फिरला, मग थोडा उजवीकडे. अकराव्या मिनिटाला थांबला. मग दोन तास हलला नाही. मी जागचा उठलो, तेव्हा हलला. शिंपीणबाई जिन्यातून गेल्या, तेव्हा हलला. छतातल्या काचेची लुकण काढून ती आता उघडी ठेवली आहे, तेव्हा तर तो हलतच असतो. माझ्या धुरापेक्षा चांगला आहे. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचं होतं, तुझ्याकडे लिहितो.

सिगारेट तेवीस एप्रिलनंतर पेटवलेली नाही. यात मोठेपणा नाही, त्याचा आता कुणाला उपयोग नाही. सहा काटे प्रयोगशाळेला गेले. पुढची मागणी घेतली नाही, वजनं जुळवणारं माणूस नाही.

रीळ या पत्रासोबत पाठवतो. हातभर धागा मी ठेवून घेतला आहे, तो खिळ्याला आहे, तेवढा राहू दे.

चार मार्चच्या पत्रात मी तुला कंपनीच्या माणसाचं सांगितलं होतं, अठरा लाखांचं. ते नाकारल्याचं मला काही वाटत नाही, आजही नाकारेन. पण तिथं लिहायला हवी होती ती ऑफर दुसरी, आणि तीही मीच नाकारली. ती अशी : सिगारेटीऐवजी एक धागा. रोज सकाळी टांगायचं काम तिचं, मी खोलीत येण्याआधी पाव तास. कागदाच्या कोपऱ्यात तिनं रिळाची किंमत टिपून ठेवली आहे. सव्वासहा रुपये.